खिशातले फोटो : वेअरमाख्टच्या गुन्ह्यांचं प्रदर्शन आणि जर्मन समाज

५ मार्च १९९५ला हॅम्बुर्गमध्ये, जुन्या क्रेन कारखान्याच्या जागेत चालणाऱ्या काम्पनागेल या कलाकेंद्रात, एक प्रदर्शन सुरू झालं. नाव कोरडं होतं : 'संहारयुद्ध. वेअरमाख्टचे गुन्हे, १९४१ ते १९४४'. वेअरमाख्ट म्हणजे हिटलरच्या काळातलं जर्मनीचं नियमित सैन्य. एसएस ही नाझी पक्षाची सशस्त्र संघटना वेगळी, गेस्टापो हे गुप्त पोलिस वेगळे, छळछावण्यांचे पहारेकरी वेगळे. वेअरमाख्टमध्ये होते सक्तीच्या भरतीने गेलेले बेकरीवाले, शाळामास्तर, कारकून, शेतकऱ्यांची पोरं. पावणेदोन कोटींच्या आसपास माणसं या सैन्यातून गेली. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात ज्या घरातून कोणीच गेलं नाही, असं घर शोधावं लागलं असतं.

पुढच्या साडेचार वर्षांत हे प्रदर्शन ३३ शहरांत फिरलं आणि ८ लाखांवर लोकांनी ते पाहिलं. त्यावरून मोर्चे निघाले, संसदेत वाद झाला, एका ठिकाणी बॉम्बही फुटला. मग त्यातल्या काही फोटोंखाली दिलेल्या माहितीच्या ओळी चुकीच्या निघाल्या आणि ते मागे घ्यावं लागलं. दोन वर्षांनी नव्या रूपात ते परत आलं. आपल्या साध्या सैनिकांच्या गुन्ह्यांना एखादा देश कसा सामोरा जातो, याचं इतकं तपशीलवार नोंदलेलं दुसरं प्रकरण मला माहीत नाही. माझं मत आधीच सांगतो : या प्रकरणात जर्मन राज्यव्यवस्थेने आरोप मान्य केला, आणि जर्मन घरांनी तो मान्य करून शेजारच्या घराकडे ढकलला.

सोवळ्यातलं सैन्य

युद्ध संपल्यावर न्यूरेंबर्गला बडे सेनापती फासावर गेले. पण सैन्याचं सर्वोच्च नेतृत्व ही 'गुन्हेगारी संघटना' आहे असा निवाडा तिथल्या न्यायालयाने दिला नाही. तो गट कायद्याच्या अर्थाने 'संघटना' ठरत नाही, एवढंच कारण होतं. सेनापतींच्या वर्तनाबद्दल न्यायालयाने अत्यंत कडक शब्द वापरले होते. ते शब्द लोक विसरले आणि 'सैन्य निर्दोष सुटलं' एवढंच लक्षात राहिलं.

मग शीतयुद्ध आलं आणि पश्चिम जर्मनीला पुन्हा सैन्य हवं झालं. ऑक्टोबर १९५०मध्ये हिमेरोडच्या मठात जुने अधिकारी गुपचूप जमले आणि नव्या सैन्याचा आराखडा लिहिला. त्यात एक अट होती : जर्मन सैनिकाची बदनामी थांबली पाहिजे. जानेवारी १९५१मध्ये आयझेनहॉवर यांनी जाहीर केलं की जर्मन सैनिक वेगळा आणि हिटलरची टोळी वेगळी. एप्रिलमध्ये चान्सलर आडेनाउअर यांनी संसदेत तोच सूर लावला. हिटलरचे फील्ड मार्शल एरिख फॉन मानश्टाइन यांना ब्रिटिश लष्करी न्यायालयाने १८ वर्षांची शिक्षा दिली होती. १९५३मध्ये ते बाहेर आले आणि दोन वर्षांत त्यांच्या आठवणी छापूनही झाल्या. वाईट ते सगळं हिटलरचं आणि एसएसचं, सैन्य मात्र शूर, शिस्तीचं आणि स्वच्छ, हे चित्र तेव्हा पक्कं झालं.

पूर्व जर्मनीने हे चित्र नाकारलं असं वाटेल. पण तिथे सेनापती गुन्हेगार आणि साधा सैनिक भांडवलदारांनी फसवलेला कामगार, अशी मांडणी होती. म्हणजे साधा सैनिक तिथेही सुटला.

अभ्यासकांना मात्र सगळं ठाऊक होतं. क्रिस्टियान श्ट्राइट यांनी १९७८मध्येच दाखवलं होतं की जर्मनांच्या हाती लागलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी ३३ लाख मेले, आणि हे कैदी सैन्याच्याच ताब्यात होते. फ्रायबुर्गच्या लष्करी इतिहास संस्थेने १९८३मध्ये सोव्हिएत स्वारीवरचा जाडजूड खंड काढला. ही पुस्तकं ग्रंथालयात राहिली आणि घरोघरी मानश्टाइन वाचला गेला.

भिंतीवर काय होतं

हॅम्बुर्गची सामाजिक संशोधन संस्था यान फिलिप रीम्ट्समा यांनी १९८४मध्ये स्थापन केली. हे सिगारेटच्या प्रचंड धंद्याचे वारस. त्यांच्या वडिलांच्या कारखान्याने युद्धात सैनिकांना सिगारेटी पुरवल्या होत्या. हे विरोधकांनी पुढे बरोब्बर लक्षात ठेवलं. प्रदर्शनाची धुरा इतिहासकार हान्नेस हेर यांच्याकडे होती.

मांडणीत तीन प्रकरणं होती : सर्बियातलं 'बंडखोरविरोधी' युद्ध, स्टालिनग्राडच्या वाटेवरचं सहावं सैन्य आणि बेलारूसची तीन वर्षांची लष्करी राजवट. मधोमध फलकांची एक रचना होती, आयर्न क्रॉस या लष्करी पदकाच्या आकाराची. एकूण १,४३३ छायाचित्रं होती. बहुतेक अगदी छोटी, खिशात मावणारी, कारण ती खरोखर खिशांतून आली होती. मृत किंवा पकडलेल्या जर्मन सैनिकांच्या पाकिटांत ती सोव्हिएत सैन्याला सापडली आणि तिथल्या दफ्तरखान्यांत पडून राहिली. अशा प्रसंगांचे फोटो काढायला सैन्यात बंदी होती, तरी पोरं काढत होती. फाशीचा दोर, त्याखाली रांगेने उभे सैनिक, कुणी हसतोय, कुणी पुढे जाऊन नीट बघतोय. पाकिटाच्या एका कप्प्यात बायको आणि दुसऱ्यात हे.

प्रेक्षक हतबल झाले ते या फोटोंमुळे. सेनापतीचा हुकूम वाचून कुणाला आपला बाप आठवत नाही. पण विशीतल्या पोराचा चेहरा पाहिला की आठवतो. कित्येक प्रौढ बायका-पुरुष फलकासमोर वाकून चेहरे न्याहाळत उभे राहत, तिथे आपलं माणूस दिसतंय का हे पाहायला. १९९५च्या शरदात प्रदर्शन व्हिएन्नात असताना एका चित्रपटकर्तीने तिथेच कॅमेरा लावला आणि आलेल्या म्हाताऱ्या सैनिकांना बोलतं केलं. एकाच आघाडीवरून आलेले दोघे : एक म्हणतो असं काही झालंच नाही, दुसरा म्हणतो मी डोळ्यांनी पाहिलं.

बिला त्सेर्कवा

'सैनिकांना काही माहीतच नव्हतं' या बचावापुढे एक घटना ठेवली की पुरे. युक्रेनमध्ये कीव्हच्या दक्षिणेला बिला त्सेर्कवा हे गाव. ऑगस्ट १९४१मध्ये एसएसच्या तुकडीने तिथल्या प्रौढ ज्यूंना गोळ्या घातल्या. मागे राहिली सुमारे ९० मुलं, तान्ही ते सहा-सात वर्षांची. त्यांना एका इमारतीत कोंडलं होतं. अन्न नाही, पाणी नाही. जवळच जर्मन सैनिकांचा मुक्काम होता. मुलांच्या रडण्याने त्यांना झोप येईना. त्यांनी लष्करी पाद्र्यांकडे तक्रार केली. पाद्री आत जाऊन पाहून आले, त्यांनी डिव्हिजनच्या पाद्र्यांना कळवलं आणि तिथून गोष्ट गेली लेफ्टनंट कर्नल हेल्मुट ग्रोसकुर्ट यांच्याकडे. त्यांनी २० ऑगस्टला पुढची हत्या थांबवली आणि वरून निर्णय मागवला.

निर्णय आला सहाव्या सैन्याचे प्रमुख फील्ड मार्शल रायशेनाउ यांच्याकडून : काम पूर्ण करा. २२ तारखेला मुलं मारली गेली. बंदुका युक्रेनी मिलिशियाच्या हाती होत्या, देखरेख एसएसची होती, शिक्कामोर्तब सैन्याचं होतं. ग्रोसकुर्ट यांनी अहवालात लिहिलं की बायकामुलांवरचे हे उपाय शत्रूच्या अत्याचारांहून वेगळे नाहीत. त्याबद्दल त्यांना वरून फटकारलं गेलं. १९४३मध्ये ते सोव्हिएत कैदेत टायफसने वारले.

या एका प्रसंगात साधा सैनिक आहे, पाद्री आहे, मधला अधिकारी आहे, सेनापती आहे. सगळ्यांना सगळं माहीत आहे. खालच्या लोकांना त्रासही होतोय. पण त्या त्रासाला बाहेर पडायची वाट एकच, ती म्हणजे लष्करी पायऱ्या चढत वर जाणारी, आणि वर रायशेनाउ बसलेत. महिनाभराने याच सैन्याच्या हद्दीत कीव्हजवळ बाबी यारला दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारले गेले. ज्यूंनी जमावं म्हणून लावलेली भित्तिपत्रकं सहाव्या सैन्याच्या छपाईयंत्रावर निघाली होती.

म्युनिक आणि बॉन

पहिली दोन वर्षं गडबड बेताची होती. फेब्रुवारी १९९७मध्ये प्रदर्शन म्युनिकच्या नगरभवनात आलं आणि ठिणगी पडली. बव्हेरियातल्या पुराणमतवादी सीएसयू पक्षाचे पेटर गाउवाइलर यांनी उद्‌घाटनाच्या वेळी अनाम सैनिकाच्या स्मारकावर पुष्पचक्र वाहिलं, आणि रीम्ट्समांनी त्यापेक्षा तंबाखूच्या बळींचं प्रदर्शन भरवावं असा टोमणा मारला. १ मार्चला हजारो उजव्या अतिरेक्यांनी मोर्चा काढला आणि त्यांची वाट अडवायला त्याहून मोठा जमाव आला. परिणाम अपेक्षित तोच झाला. तिथे जवळजवळ ९० हजार लोकांनी प्रदर्शन पाहिलं, थंडीत तासन्‌तास रांगेत उभं राहून.

१३ मार्चला विषय बॉनच्या संसदेत गेला. सत्ताधारी पुराणमतवादी सीडीयू पक्षाचे आल्फ्रेड ड्रेगर स्वतः युद्धात लढलेले. बहुसंख्य सैनिकांवर हा अन्याय आहे, असं त्यांनी मांडलं. मग विरोधातल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाचे, एसपीडीचे, ओटो शिली उठले. त्यांनी आपल्या घरातली चार माणसं सांगितली. काका हवाई दलात कर्नल. भाऊ रशियात जबर जखमी झालेला. वडील नाझींचे विरोधक, तरी सैन्यात घेतलं नाही याची खंत बाळगणारे. आणि चौथे सासरे, ज्यू, जे रशियात पार्टिझानांबरोबर, म्हणजे गनिमी लढवय्यांबरोबर, जर्मन सैन्याविरुद्ध लढले. या चौघांत न्याय्य कारणासाठी जीव पणाला लावला तो फक्त सासऱ्यांनी, असं ते म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज फुटला आणि थांबावं लागलं. सभागृहाचा नूर तिथून बदलला. त्या दिवशी इतरही खासदार पक्षाची भूमिका बाजूला ठेवून आपापल्या बापाबद्दल बोलले. कुठल्याही संसदेत हे विरळाच.

दोन महिन्यांनी, १५ मे १९९७ला, बुंडेस्टागने, म्हणजे जर्मन संसदेने, ठराव केला की दुसरं महायुद्ध हे जर्मनीने केलेलं आक्रमणाचं आणि संहाराचं युद्ध होतं. निमित्त होतं पळून गेलेल्या सैनिकांना निर्दोष ठरवण्याच्या मागणीचं. नाझी लष्करी न्यायालयांनी सुमारे ३० हजार मृत्युदंड दिले होते. त्यातून वाचलेले लुडविग बाउमान यांच्यासारखे लोक पन्नास वर्षं 'पळपुटे' म्हणून शिव्या खात जगले. २००२मध्ये त्यांच्यावरच्या शिक्षा सरसकट रद्द झाल्या. 'युद्धद्रोही' ठरवलेल्यांना त्यासाठी २००९पर्यंत थांबावं लागलं. अपराधी कोण हा प्रश्न उलटा फिरला की पळालेल्याची किंमतही बदलते. प्रदर्शनाचा एवढा थेट परिणाम दुसऱ्या कुठल्या गोष्टीत मला दिसत नाही.

मार्च १९९९मध्ये झारब्र्युकेनला प्रदर्शनाच्या इमारतीत बॉम्बस्फोट झाला. फलकांचं नुकसान झालं, माणसं वाचली.

फोटो चुकले

आणि मग खरा फटका बसला, तो नवनाझींकडून नव्हे, इतिहासकारांकडून. ऑक्टोबर १९९९मध्ये पोलंडमधून आलेले बोगदान मुसिआल आणि हंगेरीचे क्रिस्तिआन उंगवारी यांचे लेख प्रसिद्ध झाले. मुसिआल यांनी दाखवलं की काही फोटोंत दिसणारी प्रेतं जर्मनांच्या बळींची नाहीतच. आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या, गालिशियातल्या तार्नोपोल आणि झ्लोचूव्ह या गावांतून माघार घेताना सोव्हिएत गुप्त पोलिसांनी, एनकेव्हीडीने, तुरुंगातल्या कैद्यांना मारलं होतं. जर्मन सैन्य आल्यावर ती प्रेतं उकरली गेली आणि सैनिक भोवती उभे राहून पाहत होते. फोटोत सैनिक आहेत, प्रेतं आहेत, म्हणून मारेकरीही तेच, असा अर्थ प्रदर्शनाने लावला होता. उंगवारी यांचं म्हणणं होतं की काही फोटोंतले गणवेश जर्मन नाहीतच, हंगेरियन किंवा फिनिश आहेत.

हे गाळात रुतवणारं होतं. तार्नोपोलला प्रेतं उकरायला ज्यूंनाच लावलं आणि एनकेव्हीडीच्या पापाचा सूड म्हणून त्यांचीच कत्तल केली. म्हणजे एकाच अंगणात दोन गुन्हे, आणि फोटो नेमका कुठल्याचा हे नुसतं बघून कळणारं नाही. फोटोमागे कुणी, कधी, कुठे काढला आणि ओळ कुणी लिहिली, हे तपासल्याशिवाय तो पुरावा नसतो. हेर आणि संस्थेचा पवित्रा मात्र बराच काळ हेकट राहिला. टीका करणारा म्हणजे सैन्याची वकिली करणारा, असा त्यांचा सूर होता. माझ्या मते फोटोंच्या चुकांपेक्षा ही चूक मोठी, कारण त्यामुळे प्रामाणिक शंकेखोर आणि उजवे प्रचारक एकाच बाकावर बसले.

४ नोव्हेंबर १९९९ला रीम्ट्समांनी प्रदर्शन थांबवलं. पुढच्याच महिन्यात ते न्यूयॉर्कला जायचं होतं, तेही रद्द झालं. ओमेर बार्तोव, मान्फ्रेड मेसरश्मिट, राइनहार्ड र्युरुप, श्ट्राइट अशा आठ अभ्यासकांची समिती नेमली गेली. फोटो, कागद, मजकूर सगळं चाळणीतून गेलं. नोव्हेंबर २०००मध्ये अहवाल आला : १,४३३ पैकी २०हून कमी फोटो या प्रदर्शनात असायला नको होते. खोटेपणा किंवा बनावट काही नाही. निष्काळजीपणा आहे, मांडणी सरसकट आणि भडक आहे. पण मूळ म्हणणं, वेअरमाख्ट या युद्धातल्या गुन्ह्यांत संस्था म्हणून सामील होती, हे बरोबर आहे.

तीन कंपन्या, तीन उत्तरं

हेर बाहेर पडले. उलरिके युराइट यांच्या नेतृत्वाखाली उभं राहिलेलं नवं प्रदर्शन २८ नोव्हेंबर २००१ला बर्लिनमध्ये उघडलं आणि २००४पर्यंत फिरलं. मोठं, शांत, कागदपत्रांनी भरलेलं. युद्धाचे त्या काळचे कायदे आधी, मग सहा विषय. त्यात युद्धकैदी आणि उपासमार यांना स्वतःची जागा मिळाली, हे फार बरं झालं. भुकेने मरणाऱ्या लाखो माणसांचे फोटो फासाइतके बोलके नसतात, त्यामुळे पहिल्या प्रदर्शनात सर्वांत मोठा गुन्हा आकाराने लहान दिसत होता.

नव्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग सैनिकाला कितपत मोकळीक होती याबद्दलचा. ऑक्टोबर १९४१, बेलारूस. ६९१व्या पायदळ रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनच्या प्रमुखाने आपल्या तीन कंपन्यांना हुकूम दिला : तुमच्या भागातले ज्यू मारा. एका कंपनीप्रमुखाने लगेच मारले. दुसऱ्याने, योसेफ सिबिले यांनी, साफ नकार दिला आणि वरचा अधिकारी पाठी लागला तरी बधले नाहीत. तिसरा, फ्रीडरिश न्योल, घोटाळला. हुकूम लेखी मागितला, लेखी आला आणि मग ते काम आपल्या एका सार्जंटवर सोपवलं. क्रुचा गावातले दीडशेच्या आसपास ज्यू मारले गेले.

सिबिले यांना त्या नकाराबद्दल शिक्षा झाली नाही. युद्धानंतर डार्मश्टाटच्या न्यायालयाने शिक्षा दिली ती न्योल आणि त्या सार्जंटला, काही वर्षांची. 'नाही म्हटलं असतं तर आम्हालाच गोळी घातली असती', या पन्नास वर्षांच्या पालुपदाला एवढं एक उदाहरण जड जातं. लेखी हुकूम मागणारा न्योल मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत ओळखीचा माणूस वाटतो. असा माणूस कुठल्याही कचेरीत भेटेल.

तरीही नव्या प्रदर्शनात काहीतरी निसटलं. विरोध मावळला, टीकाकारही समाधानी झाले. अचूकता वाढली आणि फलकावर वाकून बापाचा चेहरा शोधणं कमी झालं. कागद नाकारता येत नाही, पण कागदाला चेहराही नसतो.

घरात

राज्याच्या पातळीवर बदल ठळक आहेत. संरक्षणमंत्री फोल्कर ऱ्यूहे यांनी १९९५मध्येच सांगितलं होतं की संस्था म्हणून वेअरमाख्ट आजच्या सैन्याची परंपरा होऊ शकत नाही. मे २०००मध्ये रेन्ड्सबुर्गच्या छावणीवरून एका जनरलचं नाव गेलं आणि आंटोन श्मिट या सार्जंटचं आलं. व्हिल्नियसमध्ये ज्यूंना वाचवल्याबद्दल श्मिट यांना वेअरमाख्टने १९४२मध्ये गोळी घातली होती.

घराघरांत काय झालं, हे समाजमानसशास्त्रज्ञ हाराल्ड वेल्त्सर यांनी शोधलं. एकाच कुटुंबातल्या आजी-आजोबा, मुलं आणि नातवंडं अशा तिन्ही पिढ्यांना त्यांनी बोलतं केलं. त्यातली एक आजी स्वतः सांगते की बेर्गन-बेल्झनची छावणी मुक्त झाल्यावर ज्यू आणि रशियन लोक आपल्या घरी राहायला येऊ नयेत म्हणून तिने काय काय युक्त्या केल्या. नातीच्या तोंडी येईपर्यंत गोष्ट अशी झाली होती की आजीने ज्यूला लपवलं. कुणी जाणूनबुजून खोटं बोललं नव्हतं. शाळेत नाझी गुन्ह्यांबद्दल जितकं नीट शिकवलं गेलं, तितकं आपल्या आजीला त्यातून बाहेर काढणं नातवंडांना गरजेचं झालं. प्रदर्शनाचे कर्ते याचा अंदाज बांधू शकले नव्हते.

न्यायालयांची गोष्ट चटकन संपते. १९५८मध्ये लुडविग्सबुर्गला नाझी गुन्ह्यांच्या तपासासाठी केंद्रीय कार्यालय उघडलं, तेव्हा 'नेहमीचे' युद्धगुन्हे त्याच्या कक्षेबाहेर ठेवले होते. सैनिक तिथेच सुटले. उशिराने लागलेला एक निकाल म्युनिकचा, ऑगस्ट २००९चा. नव्वदीच्या योसेफ शॉयन्ग्राबर यांना जन्मठेप झाली. जून १९४४च्या अखेरीस टस्कनीतल्या फाल्झानो दी कोर्तोना इथे, दोन सैनिक मारले गेले म्हणून, त्यांच्या कंपनीने गावकऱ्यांना गोळ्या घातल्या आणि उरलेल्यांना घरात कोंडून ते घर उडवून दिलं. १५ वर्षांचा एक मुलगा तेवढा वाचला. त्याच डोंगरांपलीकडे, वरच्या टायबर खोऱ्यात, दोन आठवड्यांच्या आत मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे जर्मन मशीनगनवर एकट्याने चालून जाताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या माणगावला ते नाव अजून घेतलं जातं. ज्या सैन्याशी ते लढले, ते मागच्या गावांत काय करत होतं, हा भाग मात्र आपल्याकडच्या शौर्यकथांत येत नाही.

जर्मन सैन्यातला वाद मिटलेला नाही. २०१७मध्ये छावण्यांमधून वेअरमाख्टची स्मृतिचिन्हं शोधून काढली गेली, तेव्हा हॅम्बुर्गच्या लष्करी विद्यापीठातून माजी चान्सलर हेल्मुट श्मिट यांचा वेअरमाख्टच्या गणवेशातला फोटोही उतरवला गेला. विद्यापीठाला नाव त्यांचंच. मग युक्रेनवर रशियाचा हल्ला झाला, जर्मनीत पुन्हा लढाऊ सैन्याची भाषा सुरू झाली, आणि जुलै २०२४मध्ये सैन्याने परंपरेच्या नियमांना एक पुरवणी जोडली. त्यात नव्या सैन्याच्या उभारणीत हात असलेल्या जुन्या वेअरमाख्ट अधिकाऱ्यांना आदर्शांच्या यादीत थोडी अधिक जागा दिली होती. टीका झाली, आणि ऑगस्टमध्ये ती पुरवणी मागे घेण्यात आली.